चौदा नंबरचा पाना

"हे काय आहे? कोंबडीची तंगडी?"

काउंटरपलीकडच्या माणसानं कागद उलटा धरला, सुलटा धरला, परत उलटा धरला. ती हातातली किल्ली काउंटरवर टकटक वाजवत उभी. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली, डोक्यावर पंखा नुसताच गरगरतोय... आणि त्यात स्वतःच्या हातानं काढलेल्या चित्राचा असा पाणउतारा!

"गाडीचा पार्ट आहे तो," ती म्हणाली. "पुढच्या डाव्या चाकामागचा. दोन्ही टोकांना गोळा, मध्ये दांडी. वरच्या गोळ्याची वाटी सैल झालीय. गाडी खड्ड्यात गेली की खुब्यासारखा कटकट वाजतो."

"खुब्यासारखा?"

"मी फिजिओथेरपिस्ट आहे."

"अच्छा... म्हणजे गाडीला संधिवात झालाय." त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि परत केला. "याला लिंक म्हणतात. पण मी चित्रावरून माल देत नाही. नमुना आणलाय?"

"कसला नमुना?"

"जुना पार्ट. तो काढून आणायचा, इथे ठेवायचा, नव्याला लावून बघायचा. मगच न्यायचा. एकाच गाडीत चार प्रकारच्या लिंक येतात. अंदाजानं नेलं की माणूस परत येतो."

"आला परत तर तुमचं काय बिघडतं?"

"माझं काय बिघडणार?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मान वर करून हसला. "मला तर आवडेल."

ती पायरी उतरून खाली आली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. उकाड्यानंच असणार, दुसरं काय!

खरं तर या स्पेअर पार्टच्या दुकानात ती रागाच्या भरात शिरली होती. तीन दुकानं पलीकडे ते मोठं गॅरेज. तिथल्या काचेच्या केबिनमधल्या साहेबानं तिला दोन पानी अंदाजपत्रक हातात दिलं होतं. अख्खं सस्पेन्शन बदलावं लागेल म्हणे! खालचा आकडा बघून तिनं विचारलं होतं, "यात गाडी दुरुस्त होणार की नवीन मिळणार?" साहेबाला विनोद कळला नाही. ती तरातरा बाहेर पडली, समोर रबराच्या आणि ग्रीसच्या वासानं भरलेलं दुकान दिसलं, आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. आपणच केली तर?

करायला तर हवीच होती. पुढच्या सोमवारी घाटापलीकडच्या हॉस्पिटलात तिला हजर व्हायचं होतं. आसपासच्या गावांमधून फिरायचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी जाऊन उभं करायचं, असं काम. दोन वर्षं तिनं या नोकरीची वाट बघितली होती. अट एकच, स्वतःची गाडी हवी. गाडीसकट हजर झाली नाही, तर यादीतल्या पुढच्या नावाला फोन जाणार होता. आणि तिच्याकडे गाडी म्हणजे बाबांची जुनी, मोरपंखी रंगाची, आईनं साडी निवडावी तशी निवडलेली. तीही आता कटकट करणारी.

शनिवारी सकाळीच ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरली. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात टॉर्च.

"भिंगरी, अगं त्यापेक्षा त्या गॅरेजवाल्याला जरा घासाघीस करून..."

"बाबा, टॉर्च!"

"धरलाय की."

"पेपरवर धरलाय. माझ्यावर धरा."

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. ही मुलगी एका जागी पाच मिनिटं बसली तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. पण त्या दिवशी ती सलग दोन तास त्या एका नटाशी झुंजली. शेवटी नट सुटला तेव्हा तिनं अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरच्या आजी बाल्कनीत आल्या.

दुपारी तिनं तो काळा, तेलकट पार्ट काउंटरवर आदळला.

"हा घ्या नमुना."

"दुकानात एक आधीच होता," तो स्वतःकडे बोट दाखवत म्हणाला, "आता दोन झाले."

ती हसायचं नाही असं ठरवून आली होती... आणि फस्सकन हसली. त्या दिवसापासून घरी त्याचं नाव 'नमुना' पडलं. दुकानात मात्र माणसांना नावं नसायचीच. तिथे सगळे गाडीवरून ओळखले जायचे. "लाल जीप, तुमचा पट्टा आला!" "टेम्पोवाले काका, जरा थांबा!" त्यानं आतून खोकं आणलं, नवी लिंक जुनीशेजारी ठेवली, बोटानं मोजली आणि म्हणाला, "घ्या, मोरपंखी. जोडी जमली."

तिला उगाच वाटलं, तो लिंकबद्दलच बोलतोय ना?

"काढताना गाडीखाली स्टँड लावले होते ना?" त्यानं विचारलं.

"जॅक होता की."

त्याचं हसू मावळलं. तो आत गेला, दोन जड लोखंडी स्टँड घेऊन आला आणि तिच्या पायाशी ठेवले. "हे न्या. काम झालं की आणून द्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली पुन्हा जायचं नाही. कळलं का?"

तिच्यावर कुणी आवाज चढवला तर तिच्या नाकावर राग यायचा. या वेळी मात्र तिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. तिची तिलाच गंमत वाटली.

"काम लवकर व्हायला हवं," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी मला घाटापलीकडे हजर व्हायचंय. नोकरी आहे. तिकडेच राहणार मी."

"तिकडेच?"

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला आणि समोरच्या डब्यातले बोल्ट उगाचच मोजायला लागला. "म्हणजे... नोकरी मिळाली ते."

रविवारी तिनं नवी लिंक बसवली. बॉनेट उघडून वरचे तीन नटही आवळले, हात पोचेना तरी आवळले. गाडी खाली उतरवली, देवाचं नाव घेतलं आणि गेटबाहेर काढली. पहिल्या खड्ड्याला कटकट आली नाही. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दुसरा खड्डा आला.

टण... टण.

हा आवाज वेगळाच होता. तिला रडूच कोसळलं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून, काळ्या हातांनी डोळे पुसून ती घरी परतली. आईनं दार उघडलं आणि तो अवतार बघून म्हणाली, "मुली, मार खाऊन आलीस की मार देऊन?"

सोमवारी ती स्टँड परत करायला गेली. सोबत हत्यारांची पिशवीही होती. चुकलं कुठे ते दाखवायला. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. सगळे पाने ग्रीसनं बरबटलेले, एकमेकांना चिकटलेले.

"पेशंटला हात लावायच्या आधी हात धुता ना?"

"अर्थात!"

"मग यांनी काय घोडं मारलंय? वापरलेलं हत्यार पुसल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. अशी सवय लागली पाहिजे की झोपेतसुद्धा हात आपोआप फडक्याकडे गेला पाहिजे." त्यानं खणाखणांची एक कापडी गुंडाळी काढली, वर एक पिवळं फडकं ठेवलं. "प्रत्येक पान्याला त्याचा खण. आणि आवाजाचं म्हणाल तर... उद्या गाडीच घेऊन या."

मंगळवारी ती गाडी घेऊन गेली. दुकानासमोरच्या गतिरोधकावर गाडी टणटणली तसं त्यानं काउंटरमागून कान टवकारले. बाहेर आला, बॉनेट उघडलं, आत नीट बघायला वाकला... आणि वाकलेलाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही." त्यानं आत हात घालून काहीतरी दोनदा दाबून बघितलं. मग बॉनेट हळूच बंद केलं. "बुश असतील. रबरी असतात ते. पण... संपलेत. उद्या या."

"उद्या नक्की?"

"उद्या बघू."

बुधवारी बुश आले नाहीत. तो म्हणाला, "उद्या." आभाळ भरून यायचं, चार थेंब टाकायचं आणि निघून जायचं. उकाडा तसाच. तिचंही तसंच चाललं होतं. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जावं कळेना. घरातली सगळी भांडी घासून झाली, कपाट दोनदा लावून झालं. दुपारी ज्यांचा गुडघा हलवत होती त्या बाई कळवळून म्हणाल्या, "अगं, माझा पाय आहे तो, गाडी नव्हे!"

गाडीची काळजी आहे, ती स्वतःला सांगत होती. सोमवार जवळ येतोय ना! पण मग बुधवारी दुकानात जायच्या आधी तिनं तीन कुर्ते का बदलले? रबराच्या बुशासाठी कोण कुर्ता बदलतं?

गुरुवारी सकाळी तिनं चिडून सगळी हत्यारं जमिनीवर मांडली. बुश नाही तर नाही, निदान हे तरी सांगितल्याप्रमाणे करावं. एकेक पाना पिवळ्या फडक्यानं पुसून ती खणात सरकवू लागली. आठ, दहा, बारा, तेरा... पंधरा, सतरा.

चौदाचा खण रिकामा.

चौदा नंबर गेला कुठे? रविवारी तर हातात होता. वरचे तीन नट त्यानंच तर...

ती हातातल्या फडक्यासकट धावतच खाली गेली. बॉनेट उघडलं, हात आत घातला. बॅटरीशेजारच्या खोबणीत तो आडवा पडला होता, काळाकुट्ट. बोटानं हलवला. टण.

काखेत कळसा नि गावाला वळसा! म्हणजे बुश नाही, काही नाही. गाडी रविवारीच बरी झाली होती. तिनं बरी केली होती, स्वतः! दोन वर्षं वाट बघितलेली नोकरी आता हातात होती. गच्चीवर जाऊन ओरडावं असा क्षण होता तो.

ती ओरडली नाही. पाना हातात घेऊन ती बंपरवर बसली, आणि तिच्या मनात पहिला विचार काय आला? आता दुकानात काय म्हणून जायचं?

पुढचे दोन दिवस तिच्या डोळ्यांसमोर आले. शुक्रवार, शनिवार. आवाज नाही, बुश नाही, 'उद्या या' नाही. एका क्षणी तर वाटलं, नकोच जायला घाटापलीकडे... आणि ती स्वतःवरच दचकली.

मग तिनं इकडेतिकडे बघितलं. बाबा पलीकडे खुर्ची टाकून पेपरात होते. तिनं चौदा नंबर होता तिथे, तसाच आडवा, हळूच परत ठेवून दिला.

शुक्रवारी तिनं दुकानात पाऊल टाकलं ते चोरासारखं.

"बुश आले?"

"नाही."

"बरं झा... बरं," ती म्हणाली. "मग उद्या येते."

"चिडला नाहीत आज?"

"मी कशाला चिडेन?"

"परवा तर चिडला होतात."

"सवय झाली," ती म्हणाली. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. तिनं घाईघाईनं गल्ल्याशेजारच्या डब्यातले वायसर चाळायला सुरुवात केली. त्यानंही एक वायसर उचलला. मग दोघंही बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं वायसर निवडत होते, जसे काही तांदळातले खडेच!

शनिवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. ती गाडीशी उभी, किल्ली या हातातून त्या हातात. उद्या सकाळी निघायचं. बॅगा भरून झाल्या होत्या. आता पाना काढायलाच हवा होता, आणि त्याच्यासमोर तो कसा काढायचा हे तिला कळत नव्हतं.

"चला," तो म्हणाला, "एक चक्कर मारू. मी शेजारी बसून ऐकतो."

दोघं निघाले. टण... टण. खिडकीतून कोमट वारा येत होता. पुलापाशी तो म्हणाला, "थांबवा गाडी."

तो उतरला, बॉनेट उघडलं, न शोधता नेमका हात घातला आणि पाना बाहेर काढला.

"अगंबाई!" ती म्हणाली. स्वतःच्याच कानांना ते इतकं खोटं वाटलं की तिनं जीभ चावली. "हा... हा इथे होता? मी रविवारी विसरले वाटतं!"

तो पाना उजेडात धरून उलटसुलट बघत होता. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलायला लागला.

"काय झालं हसायला?"

"हा पुसलेला आहे."

तिनं नजर पुलाच्या कठड्याकडे वळवली.

"रविवारी विसरलात तेव्हा तुम्ही हत्यारं पुसत नव्हता. मंगळवारी हा काळाकुट्ट होता. आज चेहरा दिसेल इतका स्वच्छ आहे." तो तिच्याकडे वळला. "तुम्हाला सापडला होता. तुम्ही पुसलात... आणि परत ठेवलात."

तिला आठवलं. गुरुवारी, बंपरवर बसून, विचाराच्या नादात, फडकं हातात होतंच. झोपेतसुद्धा हात जायला हवा म्हणे! जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं तिला. दोन्ही हातांनी तिनं तोंड झाकलं... आणि मग बोटांच्या फटीतून तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"थांब. मंगळवारी काळाकुट्ट होता हे तुला कसं माहीत?"

त्याचा हात पान्यासकट खाली आला.

"तू बघितला होतास!" 'अहो'चं 'अरे' कधी झालं हे तिला कळलंही नाही. "मंगळवारीच! आणि म्हणालास बुश!"

"हो."

"म्हणे संपलेत!"

"खोकंभर पडलेत मागच्या फळीवर." तो मान खाली घालून म्हणाला. "जे नकोय ते तुला विकायचं कसं? म्हणून संपलेत म्हणालो. पाना खोबणीत घट्ट होता, मी दोनदा दाबून बघितलं. जरा जरी धोका असता तर तेव्हाच काढला असता. पण आवाज गेला असता तर... तू परत आली नसतीस."

"मला रडू आलं होतं रे! मला वाटत होतं, आपल्याला काही जमत नाही. मंगळवार, बुधवार, सगळा वेळ."

"माहितीय. बुधवारी तुझा चेहरा बघितला आणि सांगणारच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. चुकलंच माझं." त्यानं वर बघितलं. आता तो हसत नव्हता. "तू पहिल्याच दिवशी गाडी बरोबर दुरुस्त केलीस. गॅरेजवाल्यांनी दोन पानं भरली, तू एका लिंकमध्ये काम केलंस. हे मी मंगळवारीच म्हणायला हवं होतं."

तिला खरं तर अजून चिडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण गुरुवारचं आठवलं. कुठल्या तोंडानं बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"गुरुवारी," ती अखेर म्हणाली, "मला एकदा वाटलं होतं... जाऊच नये."

"जायचं," तो ताबडतोब म्हणाला. "ते काय बोलणं झालं? माणसं वाट बघतायत तिथे उठून उभं राहायची. गाडी तयार आहे, तू तयार आहेस. उद्या सकाळी निघायचं."

"आणि तू?"

त्यानं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पुलावरून वाऱ्याचा एक मोठा झोत आला, तिच्या तोंडावर केस आले, आणि पहिल्यांदाच तिनं ते बाजूला करायची घाई केली नाही. भिंगरी चक्क एका जागी उभी होती.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "सांगून टाकते. उद्या माझ्याकडे वेळ नाही."

"मला पहिल्याच दिवशी..." तो अडखळला. "ते कोंबडीच्या तंगडीचं चित्र. ते परत द्यायला नको होतं, ठेवून घ्यायला हवं होतं, असं आठवडाभर वाटतंय."

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवला. बोटं खिशापाशी जरा जास्तच रेंगाळली. मग तिनं पान्यासाठी हात पुढे केला.

त्यानं पाना पाठीमागे लपवला.

"दे."

"हा राहू दे माझ्याकडे. रविवारी दुकान बंद असतं. पुढच्या रविवारी घाटापलीकडे आणून देतो."

"माझा खण रिकामा राहील."

"राहू दे."

ती हसली. मग तिला पुढचं सुचलं, आणि सुचलं की विचारल्याशिवाय तिला कुठे राहवतं?

"आणि हा दिल्यावर? त्याच्या पुढच्या रविवारी काय घेऊन येशील?"

तो इतक्या शांतपणे बोलला की जणू कुणी काउंटरवर माल मागितला होता.

"माझ्याकडे आठपासून बत्तीसपर्यंत अख्खा सेट आहे."